कमानीखाली कोण उभं राहणार?

फार पूर्वी, इटलीच्या टस्कनी मुलखात, एका टेकडीच्या माथ्यावर एक गाव होतं. गाव एवढंसं, पण हौस दांडगी. ज्याला जरा बरे दिवस आले, तो आधी दगडी मनोरा बांधी आणि मग घराचं छप्पर शाकारी. शेजाऱ्याचा मनोरा दोन हात उंच झाला की याची झोप उडालीच म्हणून समजा.

त्या गावात एक म्हातारा गवंडी राहत असे. अकरा वर्षं तो गावाचं चर्च बांधत होता. भिंतींवर काळ्या-पांढऱ्या संगमरवराचे पट्टे, उंच निमुळत्या खिडक्या, आणि दर्शनी दारावर एक भलीमोठी कमान. स्वभावाने म्हातारा तिखट. भिंत सरळ आहे का ते दाखवणारा ओळंबा सोडला तर तो कुणाचं ऐकत नाही, असं त्याचे मजूर म्हणत.

कमान बांधायची तर खाली आधी लाकडी साचा उभा करावा लागतो. त्यावर दगड रचायचे, सांध्यांत चुना भरायचा, आणि चाळीस दिवस साच्याला हात लावायचा नाही. चुना कडक झाला की साच्याखालच्या पाचरी ठोकून काढायच्या आणि साचा उतरवायचा. त्या मुलखातले सगळे गवंडी तेव्हा एक रीत पाळत. साचा काढायचा हुकूम जो देईल, त्याने कमानीच्या बरोबर खाली उभं राहायचं. म्हातारा आजवर एकतीस कमानींखाली उभा राहिला होता, आणि दर वेळी त्याचे पाय लटपटले होते.

दारावरची कमान रचून झाली, आणि बाराव्या दिवशी गावचा नगरशेट शिपाई घेऊन आला. लोकरीच्या व्यापारात गब्बर झालेला हा माणूस गावाचा कारभार पाही.

"परवा उत्सव आहे," नगरशेट म्हणाला. "मोठे धर्मगुरू येणार. पलीकडच्या टेकडीवरच्यांनी गेल्या वर्षी त्यांना नव्याकोऱ्या दारातून आत नेलं. आणि आमच्या दारात ही लाकडं? उद्या सकाळी साचा काढ."

"शेटजी, चुना ओला आहे अजून."

"धर्मगुरू काय तुझ्या चुन्यासाठी थांबतील?"

"नाही थांबणार. पण चुनाही त्यांच्यासाठी घाई करणार नाही."

"हा माझा हुकूम आहे!"

"मग उद्या कमानीखाली तुम्ही उभे राहा. रीतच आहे तशी."

नगरशेट गडबडला. "माझा हा शिपाई उभा राहील."

शिपाई हळूच दोन पावलं मागे सरकला.

"हुकूम शिपायाने दिलाय का?" म्हाताऱ्याने विचारलं. मजुरांनी आपापली हत्यारं खाली ठेवली.

नगरशेटच्या अंगाचा तिळपापड झाला. "हा सगळा तुझा कावा आहे! दिवस मावळायच्या आत गाव सोड. थापी धरणारा तू एकटाच जन्माला आला नाहीस. पलीकडच्या गावचा गवंडी आणतो मी!"

म्हाताऱ्याने वर कमानीकडे पाहिलं. अकरा वर्षं! नुसतं 'हो' म्हटलं असतं तर चर्च त्याच्या हातून पुरं झालं असतं. पण परवा त्याच दारातून अख्खं गाव आत जाणार होतं, कडेवर पोरं घेऊन. तो 'हो' काही म्हणाला नाही. तो ताठ मानेने चौकातून निघाला आणि वळणापलीकडे गेल्यावर ढसाढसा रडला.

रात्र त्याने वेशीबाहेर चुन्याच्या भट्टीपाशी काढली. सकाळी मात्र तो सरळ वेशीतून आत शिरला. दारात कोणी उभं असेल तर त्याला हाताला धरून बाजूला ओढायचं, मग काय व्हायचं ते होवो, असं त्याने ठरवलं होतं. वेशीवर कालचाच शिपाई होता. त्याने म्हाताऱ्याला पाहिलं आणि तोंड फिरवलं.

चौकात गाव जमलं होतं. पलीकडच्या गावचा गवंडी तरणाताठा आणि मोठ्या ऐटीत आलेला. तो परांचीवर चढला. सांध्यात त्याने खिळा दाबला, तर तो लोण्यात शिरावा तसा आत गेला. तो खाली उतरला आणि खिळा बाहीला पुसत राहिला.

"बघतोस काय? काढ साचा!" नगरशेट ओरडला.

"काढतो की," तरणा गवंडी म्हणाला. "या शेटजी, कमानीखाली उभे राहा."

सगळे नगरशेटकडे वळून बघू लागले. मग पाव विकणारी एक बाई मोठ्याने म्हणाली, "जा की शेटजी! घाबरता कशाला? हुकूम तुमचाच ना?"

सगळा चौक खो खो हसत सुटला. नगरशेटने एक पाऊल उचललं, मान वर करून त्या दगडांकडे पाहिलं, आणि पाऊल परत मागे घेतलं. तो तडक घरी गेला. उत्सवाला धर्मगुरू आले, आपली उंच टोपी सांभाळत लाकडांखालून वाकून आत गेले, आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

चाळीसाव्या दिवशी म्हातारा चर्चपाशी हजर झाला.

"तुला कोणी बोलावलं?" नगरशेटने विचारलं.

"चुना वाळला," म्हातारा म्हणाला. तो कमानीखाली जाऊन उभा राहिला आणि मजुरांना ओरडून म्हणाला, "ठोका पाचरी!"

ठक ठक करत पाचरी निघाल्या. दगड एकदा कण्हल्यासारखे वाजले, तीळभर खाली बसले. म्हाताऱ्याच्या डोक्यावर पांढरी भुकटी पडली. त्याचे पाय याही वेळी लटपटत होते, पण शेवटची फळी निघेपर्यंत तो जागचा हलला नाही.

कमान उभी राहिली. नगरशेट दाराशी आला, वर बघून घुटमळला. "आता आत जायला हरकत नाही ना?"

"जा खुशाल, शेटजी," म्हातारा म्हणाला. "खाली मी उभा आहे."

तात्पर्य: ज्या कमानीखाली उभं राहायची आपली छाती नाही, तिचा आधार काढायचा हुकूम देऊ नये. आणि कोणी तसा हुकूम दिलाच, तर देणारा कितीही मोठा असो, भर चौकात विचारावं, "खाली कोण उभं राहणार?"