बुडालेल्याचा मालक

समुद्रकाठच्या एका गावात एक पाणबुड्या राहत असे. पाण्याखाली श्वास रोखण्यात त्याचा हात धरील असा त्या किनाऱ्यावर कोणी नव्हता, आणि ही गोष्ट तो कोणाला विसरूही देत नसे.

एकदा वादळात एक गलबत खडकावर आपटून बुडालं. पाणबुड्याने आठ दिवस बुड्या मारून त्यातली एक जड पितळी पेटी वर काढली. ती वाळूवर टेकते न टेकते तोच गलबत हाकणारा तांडेल धापा टाकत आला.

"पोरा, झाकणावर माझी खूण बघ. माझ्या खलाशांची सगळी कमाई आहे हिच्यात. त्यांच्या घरी चुली थंड पडल्यात. तुझी मेहनत बुडवणार नाही मी, चौथा हिस्सा तुझा."

"चौथा?" पाणबुड्या हसला. "तांडेलबाबा, समुद्राने गिळलं तिथेच तुमची मालकी संपली. आता काढील त्याचा माल!"

वाद पंचांपुढे गेला. पंचही पेचात पडले. खूण तांडेलाची, पण जीव धोक्यात घातला होता पाणबुड्याने. "उद्या निकाल देऊ. तोवर पेटी आमच्याकडे," ते म्हणाले.

पाणबुड्याला धीर कुठला! बुडालेल्या गलबतात त्याने आणखी एक पेटी पाहिली होती. निकालाआधी तीही काढावी म्हणून तो भर दुपारी एकटाच होडी घेऊन गेला. कंबरेला दोर बांधला नाही. दोर धरायला माणूस घेतला, तर त्याला वाटा द्यावा लागला असता.

पेटी हाताला लागली. त्याने ती ओढली मात्र, वरची फळी कोसळून त्याचा पाय अडकला. ओढला, निघेना. पुन्हा ओढला. छाती फुटायला आली. आता कोण येणार, या विचाराने तो पुरता घाबरला आणि त्याची शुद्ध हरपली.

डोळे उघडले तेव्हा तो किनाऱ्यावर होता. भोवती पंच आणि गाव, शेजारी ओलाचिंब तांडेल. संशय येऊन तांडेलच होडीच्या मागोमाग गेला होता.

तांडेल पंचांना म्हणाला, "समुद्राने गिळलेलं मी वर काढलं. याच्याच नियमाने हा आता माझा. उद्यापासून माझ्या घरी पाणी भरील."

कोणी हसलं नाही. पंचांनी विचारलं, "बोल, तुझा नियम ठेवायचा?"

पाणबुड्या धडपडत उठून बसला. "असं कसं? बुडालो म्हणून काय झालं, मी माझाच..."

बोलता बोलता तो थांबला. त्याला फार लाज वाटली. "पेटी तांडेलबाबांची आहे," तो म्हणाला.

पंचांनी पेटी आणवून तांडेलाच्या हवाली केली. त्याने ती उघडून तिथल्या तिथे चौथा हिस्सा पाणबुड्याच्या हातावर ठेवला.

"आणि तुम्ही मला वर काढलंत, त्याची मजुरी काय देऊ?" पाणबुड्याने खालमानेने विचारलं.

"उद्या दुसरी पेटी काढायला ये. दोर मी धरतो."

तात्पर्य: बुडालेलं वर काढणाऱ्याला त्याच्या मेहनतीचं मोल मिळावं, पण वस्तू ज्याची होती त्याचीच राहते.