आवडाचं नाव

फार फार वर्षं झाली. तिवरवेळच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता, धाकू नावाड्याची होडी होती. त्याची बायको बाळंतपणात गेली, मागं राहिली एकुलती लेक, आवडा. आवडा वाढली, पण समज तिला सावकाश येई. विशीतही ती मोजकंच बोले. होडीत चढणाऱ्या प्रत्येकाचा हात धरी, कुणाला घसरू देत नसे. आणि लोक म्हणत, "येडे, सोड आता हात."

कुणी रागानं म्हणत नसे. सवयीनं म्हणत. धाकू ऐके आणि वल्हं मारत राही. पोट त्याच लोकांवर होतं.

एकदा परगावची म्हातारी होडीत बसली. आवडाच्या गालावरून हात फिरवून तिनं विचारलं, "नाव काय गं बाय तुझं?"

आवडा हसून म्हणाली, "येडी."

धाकूचं वल्हं थांबलं. "आवडा," तो म्हणाला. "आवडा नाव तुझं, पोरी."

"येडी," ती पुन्हा म्हणाली, खुशीत.

त्या दिवसापासून तो तिला तिचं नाव शिकवू लागला. पण इकडं एकटा बाप, आणि तिकडं सगळं गाव. पुढच्या पावसाळ्यात आवडा तापानं फणफणली. धाकू तिच्या कानाशी हाका मारत राहिला, "आवडा, आवडा." तिनं डोळे उघडले नाहीत. मग शेजारची काशी दारातून कळवळून म्हणाली, "येडे, बघ गं बापाकडं!" आणि तिनं बघितलं. तेवढंच. मग आवडा गेली.

त्यानंतर धाकू कुणाशी बोलला नाही. असं म्हणतात, की एका सकाळी होडी भरली, वारा चांगला होता, ओहोटी लागली होती, आणि कुणीतरी म्हणालं, "येडी गेली, बापाची सुटका झाली." होडी भर खाडीत उभी राहिली. दोन्ही अंगांनी पाणी धावत होतं, होडी खिळल्यासारखी. माणसं रडली, देवाला आळवू लागली. धाकू पाण्याकडं बघत बसला. शेवटी काशीच ओरडली, "आवडा! आवडा नाव होतं तिचं!" मग एकेकानं ते नाव घेतलं, तेव्हा होडी हलली.

काठावर सगळे उतरले. धाकू नाही उतरला. त्यानं होडी समुद्राकडं वळवली. तो परत आला नाही, असं म्हणतात.

आजही तिवरवेळात कुठल्याही घरी बारसं असलं की सगळं गाव येतं. कुणाला समज सावकाश येणार, ते पाळण्यात थोडंच कळतं? एकेक जण वाकून बाळाचं नाव घेतो, दुसरी हाक मारणार नाही म्हणतो. मग सगळे खाडीवर जातात. आवडाच्या नावानं हाक मारतात आणि उत्तराची वाट बघतात.

उत्तर येत नाही. ती हाक आपल्यासाठी आहे, हे तिला कुठं ठाऊक होतं.