आवाज असेतोवर

फार जुनी नव्हे, मोबाइल घरोघरी आल्यानंतरचीच ही गोष्ट. नदीकाठच्या एका पाठशाळेत एक वृद्ध आचार्य होते आणि हेरंब हा त्यांचा शेवटचा शिष्य. काही सूक्तं जुन्या परंपरेच्या उच्चारांत म्हणणारे आता आचार्य एकटेच उरले होते. तिथला शिरस्ता असा, की गुरूनं एकदा म्हणायचं आणि शिष्यानं दोनदा. याला संथा म्हणतात.

आचार्यांच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेत आवाज जाणार, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

"अरे, महिना हाताशी आहे. पहाटे लवकर येत जा, राहिलेलं पुरं करून टाकू," आचार्य म्हणाले.

हेरंब हसला. "गुरुजी, आपण कशाला घशाला ताण देता? एक संकेतस्थळ आहे. कुठकुठचे लोक तिथं आपल्या आवाजात उच्चार घालतात, ऐकणारे कौल देतात. ज्याला कौल जास्त, तो उच्चार खरा. एकेक शब्द सापडतो."

"त्यांना कुणी शिकवलं?"

"ते कोण विचारतो, गुरुजी!"

खरंच, कोण विचारतो! महिनाभर हा पठ्ठ्या कानात इअरफोन खुपसून घरी बसला. आचार्य पहाटे आसनावर येऊन वाट बघत. खिशात ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन हिंडणाऱ्याला गुरूचा आवाज तेवढा टिपून ठेवावा, एवढंही सुचलं नाही. करंटेपणा म्हणतात तो हाच.

शस्त्रक्रिया झाली. आवाज गेला. जखम भरताच आचार्यांनी हेरंबला निरोप धाडला, संथेला ये. हेरंब चक्रावला. मुका गुरू संथा कसली देणार? तरी गेला. आचार्यांनी खुणेनं सांगितलं, म्हण.

सर्वाधिक कौलांचे उच्चार जुळवून हेरंबनं सूक्त ठसक्यात म्हटलं. आचार्यांनी मान हलवली, नाही. त्यानं दुसऱ्या कुणाचे उच्चार घेऊन पाहिले. नाही. तिसऱ्याचे. नाही.

"मग कसं, गुरुजी? एकदा तरी म्हणून..." बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

आचार्यांनी पाटी ओढून सावकाश लिहिलं, "संथेत गुरू एकदा म्हणतो आणि दोनदा ऐकतो. शिकवणं त्या ऐकण्यात असतं. त्या मंडळींनी तुला पुष्कळ ऐकवलं. तुझं एकानं तरी ऐकलं का? माझे कान अजून शाबूत आहेत. चुकलास, एवढं मी सांगू शकतो. बरोबर उच्चार पाटीवर लिहून दाखवता येत नाही, तो आता कुणीच सांगू शकणार नाही."

हेरंब ढसाढसा रडला. आचार्यांनी त्याला रडू दिलं, मग पाटी पुसून पुन्हा खूण केली, म्हण.

तो आजही रोज येतो, म्हणतो, आणि आचार्य मान हलवतात. ज्याला विचारायचं, त्याला आवाज असेतोवर विचारावं. नंतर पदरी पडतो तो नुसता नकार.