कढईतलं पाणी

फार जुनी गोष्ट. एका हलवायाने खडीसाखरेसाठी कढईत आणि टोपात सारखाच पाक ओतला. टोपाने थोडं पाणी जाऊ दिलं आणि चुलीवरून खाली उतरून, खडे धरायला पोटात दोरे घेऊन तो आठ दिवस गप्प बसून राहिला.

कढईला कुठला धीर! ती चुलीवरच बसून पाणी आटवत राहिली. पाणी कळवळलं, “बाई, मला थोडं तरी राहू दे. साखरेचे खडे माझ्याच कुशीत धरतात.”

“मला साखर हवी, तू नकोस!”

शेवटचा थेंब वाफ होऊन गेला आणि साखर करपली.

आठव्या दिवशी टोपातले दोरे खड्यांनी लगडले. कढईत मात्र हलवायाने करपलेली साखर खरवडायला पाणी ओतलं.

“आता तरी राहा रे,” ती पुटपुटली.

काळंकुट्ट झालेलं ते पाणी मोरीतून वाहून गेलं.