मिरचूची अर्धी फोड

आठ टेकड्या चढल्या आणि आठ उतरल्या, की डाळिंबाची एक बाग लागायची. तिचं नाव पोपटांचं माहेर. कुणी पंख छाटलेला, कुणी पिंजऱ्यात कोंडून वेडावलेला, कुणी मालकाला नकोसा झालेला, असे सगळे पोपट तिथे यायचे. पोपटी, निळे, लिंबासारखे पिवळे, शेंदरी गालांचे. बरे झाले की त्यांना नवं घर मिळायचं.

तिथेच राहायची आठ वर्षांची शेवू. तिला आई नव्हती, बाबा नव्हते. पायांत चपला नव्हत्या. फ्रॉकला तीन ठिगळं होती, तीन रंगांची. रोज सकाळी ती पेरूच्या फोडी करायची, मिरच्या धुवायची, पाण्याची भांडी लख्ख घासायची, आणि घासता घासता प्रत्येक पोपटाशी गप्पा मारायची.

माहेरची एक रीत होती. पोपटाला धरायचं नाही. बोट पुढे करायचं आणि थांबायचं. तो बोटावर चढला तर 'हो'. त्याने पाठ फिरवली तर 'नाही'. नव्या घरी पाठवतानाही हेच.

ही रीत घातली होती तात्यांनी. तात्या बागेचे मालक. मिशा झुपकेदार, मन चांगलं. पण मोठी माणसं रीत घालतात आणि घाई झाली की स्वतःच विसरतात! एक दिवस दिवाणीणबाई बग्गीतून आल्या, हिरकणी नावाच्या निळ्या निळ्या पोपटिणीवर भाळल्या, आणि तात्यांनी हिरकणीला सरळ उचलून त्यांच्या करंडीत ठेवलं.

"तात्या, तिला विचारलं नाहीत!" शेवू ओरडली.

"पोपटाला काय विचारायचंय? चांदीचा झोपाळा आहे तिथे," तात्या म्हणाले. "आणि हो, तुझंही ठरवलंय मी. रविवारी तुझ्या लांबच्या मामीकडे जायचंस. तिचं बाळ सांभाळायला कुणीतरी हवंय."

शेवूलाही कुणी विचारलं नाही.

हिरकणीचा जोडीदार होता मिरचू, लाल चोचीचा, कोवळ्या पानासारखा हिरवागार. पेरूची फोड मिळाली की अर्धी तो खायचा आणि अर्धी हिरकणीसाठी ठेवायचा. ती गेली आणि त्याने खाणंच सोडलं. छातीवरची पिसं एकेक करून उपटायला लागला.

"असंच चाललं तर हा जगत नाही," तात्या हळूच म्हणाले.

गुरुवारी सकाळी शेवू पाणी बदलायला गेली, तर भांड्यात काहीतरी चमचमत होतं. बोटाएवढी परी! डाळिंबाच्या फुलाचा घागरा भिजून जड झाला होता आणि ती गटांगळ्या खात होती. शेवूने तिला पकडलं नाही. सवयीने बोट पुढे केलं आणि थांबली. परी बोटावर चढली, शिंकली आणि हसली.

"मला बघितलं की सगळे मुठीत धरायला धावतात. तू बोट पुढे केलंस," परी म्हणाली आणि तिने डाळिंबाचे तीन लालचुटुक दाणे शेवूच्या तळहातावर ठेवले. "या तुझ्या तीन इच्छा. पण नियम ऐक हं. दुसऱ्यासाठी मागायचं असेल तर आधी त्याला विचार. न विचारता दिलेलं टिकत नाही."

शेवू धावतच मिरचूकडे गेली. विचारायला वेळ कुणाला होता! "मिरचूला नवी पिसं येऊ देत!"

एक दाणा विरघळला. मिरचूच्या छातीवर मऊ मऊ, झगमगती पिसं फुटली. मिरचूने ती पाहिली, आणि दिवे लागायच्या आत सगळी उपटून टाकली.

शुक्रवारी तात्या म्हणाले, "हिरकणीला विसरला की खाईल बरोबर."

शेवूला ते पटलं. "मिरचू हिरकणीला विसरू दे!"

दुसरा दाणा विरघळला. मिरचूने खरंच पेरू खाल्ला! अर्धी फोड खाल्ली, अर्धी बाजूला ठेवली. मग मान वाकडी करून तिच्याकडे बघतच बसला. ही कुणासाठी ठेवली, तेच त्याला आठवेना. संध्याकाळी आठवलं, तेव्हा "हिरू! हिरू!" असा टाहो फोडला की सगळी बाग गप्प झाली.

शेवू त्याच्याजवळ बसून खूप रडली. परकी परी बोटावर चढेपर्यंत ती थांबली होती, आणि आपल्या मिरचूला मात्र काहीच विचारलं नव्हतं.

शनिवारी तिने बोट पुढे केलं. "मिरचू, तुला काय हवंय रे?"

आणि थांबली. ऊन वर चढलं, हात भरून आला, तरी थांबली. शेवटी मिरचू एक पाय टाकत, दुसरा टाकत, बोटावर आला. खांद्यावर चढला. तिची वेणी चोचीत धरून ओढायला लागला. कुठे? हिरकणी गेली होती त्या आठ टेकड्यांकडे.

डाळिंबाच्या फांदीवरून परी म्हणाली, "शेवटचाच दाणा आहे गं. उद्या तुला न्यायला गाडी येईल. स्वतःसाठी नको ठेवायला?"

शेवूच्या डोळ्यांत पाणी आलं. इथेच राहायचं होतं तिला. "पण मी आता त्याला विचारलंय," ती म्हणाली. "विचारून मग 'नाही' कसं म्हणू?" तिने डोळे मिटले. "हिरकणीच्या पिंजऱ्याचं दार उघडू दे. यायचं तर तिने यावं, राहायचं तर राहावं."

दाण्याची लाल ठिणगी झाली आणि टेकड्यांवरून भुर्रकन गेली.

सगळे वाट बघत राहिले. दुपार झाली, दुपार कलली. आणि मग आभाळाचाच एक निळा तुकडा सुटून खाली यावा तशी हिरकणी आली! मिरचूशेजारी बसली आणि कालची सुकलेली अर्धी फोड कुरतडायला लागली.

मागोमाग बग्गीतून दिवाणीणबाई आल्या, धापा टाकत. "अहो, उडाली हो! चांदीचा झोपाळा टाकून उडाली!"

"आता तरी विचारा तिला," शेवू म्हणाली.

दिवाणीणबाईंनी बोट पुढे केलं. हिरकणीने ऐटीत पाठ फिरवली.

"कळलं गं बाई," दिवाणीणबाई हसत म्हणाल्या. "माहेर ते माहेर."

तात्या मात्र हसले नाहीत. ते शेवूसमोर उकिडवे बसले आणि आपला खरखरीत हात पुढे केला. "पोरी, न विचारता ठरवलं मी. चुकलंच माझं. सांग, तुला कुठे राहायचंय? इथे राहशील?"

आणि ते थांबले. शेवूनेही त्यांना थांबू दिलं. तात्यांना थांबायची सवय नव्हती ना, म्हणून जरा जास्तच! मग तिने आपला चिमुकला हात त्यांच्या हातात ठेवला. तात्यांच्या मिशा थरथरल्या.

"शेवू, चपला हव्यात का गं?" वरून परीने विचारलं.

"हव्यात! पोपटी!"

पायांत पोपटी चपला चमकल्या, फ्रॉकची तीन ठिगळं फुलपाखरांसारखी झगमगली. डाळिंबाची फुलं पणत्यांसारखी उजळली आणि त्या केशरी उजेडात परी हसत हसत विरून गेली.

त्या दिवशी मिरचूने पेरू खाल्ला, अर्धाच. उरलेला अर्धा तुमच्यासाठी ठेवला असता, पण आधी विचारायला हवं ना?

सांगा बरं, हवाय?