झपाट्याची हरवलेली बोटं

"बोटं दाखवा, नाहीतर घोडा घाण्याला जुंपा!" ऐन दसऱ्याच्या सकाळी चंदनगडच्या वीरबाहू महाराजांनी पागेत उभं राहून हुकूम सोडला.

झालं होतं ते असं. दसऱ्याला महाराजांच्या घोड्याचे पाय राणीसाहेबांनी धुवायचे आणि त्यांना हळदकुंकू लावायचं, ही चंदनगडची रीत. यंदा राणीसाहेब नव्याने लग्न होऊन आलेल्या. त्यांच्या माहेरची रीत म्हणजे पायाच्या प्रत्येक बोटावर हळदकुंकवाचा वेगळा टिळा. त्या वाटी घेऊन बसल्या, झपाट्या घोड्याचा पाय निरखला आणि हसू दाबत म्हणाल्या, "अगं बाई, याला बोटंच नाहीत! आमच्या मांजरालासुद्धा पाच आहेत."

पागेतली माणसं गालात हसली. महाराजांना तेवढं पुरलं. ज्या घोड्याची बढाई ते सासुरवाडीला मारून आले होते, तो मांजरापेक्षाही उणा निघाला! संध्याकाळी शिलंगणाला निघायच्या आत कोणी झपाट्याची पाच बोटं दाखवली तर ठीक, नाहीतर उद्यापासून तो तेल्याकडे.

दिवाणजींनी मेणाची बोटं करून खुराला चिकटवून पाहिली. झपाट्याने पाय झटकला आणि त्यातलं एक दिवाणजींच्याच पागोट्यात जाऊन बसलं.

हौसा ही गणोजी नालबंदाची मुलगी. झपाट्या शिंगरू होता तेव्हापासून तिच्या ओंजळीतून गूळ खायचा. घाण्याला जुंपतात ते डोळ्यांवर झापड बांधून, हे तिला ठाऊक होतं. चारचौघांत बोलायचं म्हटलं की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. पण झापडीतला झपाट्या डोळ्यांसमोर आला आणि ती पुढे झाली.

"मी दाखवते," ती म्हणाली. महाराजांकडे नाही, खुराकडे बघत.

बाप नाल ठोकताना घेतो तसा तिने खूर मांडीवर घेतला. "बाबा इथे खिळे ठोकतात, तरी हा हूं की चूं करत नाही. कारण हे नख आहे. आणि नख आहे तिथे बोट असणारच. हे मधलं."

"एक झालं," महाराज म्हणाले. "पुढे?"

तिने महाराजांना पाय चाचपून बघायला सांगितलं. गुडघ्यासारख्या सांध्याखाली, नळीच्या मागच्या अंगाला दोन्ही बाजूंनी एकेक बारीक हाड हाताला लागत होतं. वर जाड, आणि खाली निमुळतं होत होत नाहीसं झालेलं. शेजारच्या दोन बोटांची ही मुळं, शेंडे तेवढे गेले, असं तिने सांगितलं.

महाराजांना आता गंमत वाटू लागली होती. पण हट्ट सोडला तर ते राजे कसले?

"तीन झाली. उरलेली दोन?"

"ती वाटेत पडली, महाराज."

"कुठल्या वाटेत?"

हौसाने आजोबांकडून ऐकलेलं सांगितलं. झपाट्याच्या खापरपणजोबांचेही पणजोबा कोल्ह्याएवढेच होते म्हणे. झाडीतल्या मऊ मातीत हिंडायचे आणि त्यांच्या पायांना पुष्कळ बोटं होती. मग ही मंडळी मोकळ्या माळावर आली आणि मागे वाघ लागला. जो पळतो तो ओझं टाकतो. पिढीमागून पिढी पळत राहिली आणि एकेक बोट गळत गेलं.

"थापा आहेत," पागोटं चाचपत दिवाणजी म्हणाले. "पळता पळता कोणी आपलं टाकत जातं होय?"

हौसाने पहिल्यांदाच मान वर केली.

"वैशाखात आमराईत महाराजांच्या मागे गांधीलमाश्या लागल्या होत्या. आधी शेला पडला. मग पागोटं. तळ्यात उडी मारेपर्यंत उजवा जोडाही गेला. एवढ्याशा माश्यांनी महाराजांना इतकं टाकायला लावलं. झपाट्याच्या वाडवडिलांमागे तर वाघ होता."

राणीसाहेबांनी पदर तोंडाला लावला. ही हकीकत महाराजांनी त्यांना सांगितलेली नव्हती.

महाराजांच्या मिशा थरथरल्या. "ते काही नाही. मला पाच म्हणजे पाच हवीत. ती दोन शोधून आण."

"आणते की," हौसा म्हणाली. "महाराजांचा उजवा जोडा सापडू दे. त्याच वाटेने चार पावलं पुढे जाऊन बोटंही उचलून आणते."

त्या जोड्यासाठी अख्ख्या चंदनगडाने आमराई पालथी घातली होती आणि तो काही मिळाला नव्हता. महाराजांनी एकदा आपल्या पायांकडे पाहिलं, एकदा झपाट्याच्या, आणि असे खदाखदा हसले की झपाट्यानेही कान टवकारले.

राणीसाहेबांनी खुरावर एक ठसठशीत टिळा लावला, वर दोन बाजूंना दोन लावले आणि उरलेले दोन हौसाच्या दोन्ही हातांवर लावले. महाराजांनी जपून ठेवलेला डावा जोडा मागवला, मोहरांनी काठोकाठ भरला आणि तिच्या ओंजळीत दिला. शिवाय संध्याकाळी झपाट्याचा लगाम धरून शिलंगणाच्या पुढे चालायचा मान तिला मिळाला.

फक्त मिरवणूक आमराईच्या बाजूने न्यायची नाही, एवढी ताकीद महाराजांनी स्वतः दिली.