काजऱ्याचा पाट

वळणावर एका अंगाने भुंडं झालेलं जे झाड दिसतं, तो काजरा. सावलीत खुशाल बसा. फांदी मात्र मोडू नका. सुतारवाडीतलं कोणी याला हत्यार लावत नाही. लावलं ते एकदाच, फार पूर्वी, असं सांगतात.

आमच्या वाडीचं काम भाजीच्या पाटांचं. देवीच्या गावजेवणाला कच्चा फणस पाटावर ठेवून कोयत्याने बारीक करतात. घाव बसला की लाकडाचा कण भाजीत जातोच. म्हणून पाट फणसाच्या लाकडाचा, चांगला वाळवलेला, आणि वर नुसतं खोबरेल. उंडीचं तेल होडीला लावायचं. काजरा विषारी, तो चुलीजवळ आणायचाच नाही.

गुणाजी मेस्त्री तेव्हा वाडीतला मोठा कारागीर. एका वर्षी तो तापाने खाटेला खिळला. देवीच्या पाटासाठी राखलेला ओंडका त्याने धाकट्या भावाच्या, सुभानाच्या हवाली केला. सुभानाने तो खोताची मर्जी राखायला त्याच्या झोपाळ्याला दिला. जेवणाचा दिवस जवळ आला, तेव्हा त्याने या झाडाची फांदी तोडली. ओल्या लाकडाचा पाट केला. फणसाचा पिवळा रंग यावा म्हणून हळद चोळली, वर उंडीचं तेल घासून चकाकी आणली.

गुणाजीने पडल्या पडल्या पाट पाहिला. म्हणाला, "माझ्यापेक्षा साफ हात झाला रे तुझा."

जेवणाच्या दिवशी तो काठी टेकत देवळात आला. पहिली पंगत बसली.

"मेस्त्री, फणस चिरलात की कडुनिंब?" कोणीतरी ओरडलं. पंगत हसली.

तेवढ्यात चुलीशी भाजीची चव घेतलेल्या बाईची दातखीळ बसली. हसणं थांबलं, पंगत पानांवरून उठली. गावकराने, म्हणजे गावच्या मुख्य मानकऱ्याने, पाट अंगणात आणवला.

"कसलं लाकूड?"

"फणस," गुणाजी म्हणाला. "भावाने घडवलाय."

"घडवताना तू पाहिलंस?"

"भावाचं काय पाहायचं?"

गुणाजीने पटाशी घेतली. पाटावर चिकटलेलं सगळं लाकडासकट खरवडलं आणि तोंडात घातलं. सुभाना हाताच्या अंतरावर उभा होता. एक शब्द बोलला असता तर पुरे होतं. बोलला नाही.

चावताच गुणाजीला कळलं, असं सांगतात. सुताराला लाकूड जिभेवरही कळतं. त्याने भावाकडे पाहिलं. भावाने जमिनीकडे पाहिलं. गुणाजी थुंकला असता तर गावाने सुभानाला तिथेच ठार केलं असतं. तो थुंकला नाही. गिळलं.

ती बाई वाचली. गुणाजी दिवस मावळायच्या आत गेला. मग गावकऱ्यांनी पाट फोडला, तर आतलं लाकूड पांढरं निघालं. सुभानाला शोधू लागले, तर तो घाट चढून गेला होता. भावाला खांदा द्यायलाही थांबला नाही.

आजही आमच्याकडे पाट देताना घडवणारा त्यावर काहीतरी चिरून गिऱ्हाइकासमोर आधी स्वतः खातो. आजारी असला तर पाट त्याच्या खाटेशी नेतात. बापासाठी मुलगा खात नाही, भावासाठी भाऊ खात नाही. पाहुण्यांना याचं हसू येतं. येऊ दे. मला दोन भाऊ आहेत, दोघेही भले. त्यांच्या पाटावरचा पहिला घास मी कधी घेतलेला नाही.